निरोगी क्रमांक नऊ

प्रिय काँग,

नावाआधी ‘पी’ लावलेलं नाही, ते नजरचुकीने नव्हे. सात वर्षं तुला ‘पी काँग’ म्हटलं. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, प्रयोगशाळेत माझ्याआधी आलेला, तेव्हा दादा म्हणून मान द्यायलाच हवा होता. प्रेमात पडल्यावरही म्हणत राहिले, कारण तुला ते आवडायचं. या पत्रापुरता तो मान बाजूला ठेवते. ‘पी’ म्हटलं की माझा आवाज आपोआप बारीक होतो, आणि आज मला तो बारीक व्हायला नकोय.

तुझा मेल येऊन सतरा दिवस झाले. उत्तर मेलनेही देता आलं असतं, पण तू मेल अर्धवट वाचतोस. हाताने लिहिलेलं शेवटपर्यंत वाचशील, निदान माझं अक्षर लागत नाही म्हणून तरी. आधी इथली बातमी, थोडी तुझ्या कानावर गेलीच आहे. चौदा मार्चला माझी तोंडी परीक्षा आहे. प्रबंधात पाच प्रकरणं आहेत. पाचवं काढून टाक, असं आपल्या मार्गदर्शक गुरू, आजान रचनींनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. चौथ्यांदा मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी ठेवून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. विभागप्रमुखांनी नियमांचं पुस्तक चाळून वाट काढली: गुरूच्या सहीशिवाय परीक्षेला बसता येतं, मात्र नापास झाले तर दुसरी संधी नाही. म्हणजे माझी पीएचडी राहते की जाते, ते त्या एका सकाळी ठरणार. पाचव्या प्रकरणात काय आहे, ते बरंचसं तुला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते सांगायला बसले आहे.

माझा पहिला आठवडा तुला आठवतो का? मातीच्या तापातून वाचलेल्या रुग्णांच्या रक्ताशेजारी ठेवायला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. आपल्याकडची रीत ठरलेली, निरोगी माणूस शोधायला बाहेर जायचं नाही, आपलीच बाही वर करायची. नवीन आलेल्याची तर सुटकाच नाही. तू हिरव्या बुचाच्या नळ्या घेऊन आलास आणि मी खुर्चीत आखडून बसले. बाटल्या धुणाऱ्या सायबुआमावशी दारातून ओरडल्या, “काँग, हळू टोच हो, ती आमच्या यासोथोनची आहे. आमच्याकडच्या पोरी चावतात!” तू हसलास. सुई कधी गेली ते मला कळलंही नाही. मग लाल सरबताचा पेला हातात देऊन म्हणालास, “झालीस निरोगी. क्रमांक नऊ.” मला इतका अभिमान वाटला होता की मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं, कुणीतरी लिहून तरी दिलं.”

दोन दिवसांनी तू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालास की मी लावलेली माझ्या रक्ताची प्लेट बिघडली. खळग्यात नको तिथे ठिपके आलेत, मातीच्या तापाच्या जंतूला ओळखणाऱ्या प्रत्येक पेशीमागे एक. निरोगी माणसाच्या पेशींनी त्या जंतूला ओळखायचं काही कारण नाही, म्हणजे माझा हात कुठेतरी चुकला असणार, काहीतरी मिसळलं असणार. “नव्यांचं होतं असं,” म्हणालास, “आजानांना कळायच्या आत मी बघतो.” मी तुझे किती आभार मानले होते! त्या दिवसापासून मी हात तीन-तीनदा धुवायला लागले. पिपेटने सोडलेला प्रत्येक थेंब पुन्हा पुन्हा तपासायचे. गावातून आलेली, सरकारी शाळेत शिकलेली, नांगरावरचे हात, असले हात या नाजूक कामाचे नाहीत, असं मी स्वतःलाच ऐकवायचे. दोन वर्षं ऐकवत होते. तू समजूत घालायचास. संध्याकाळी सगळे गेले की माझ्या मागे उभा राहून, माझ्या हातावर हात ठेवून शिकवायचास: इतकंच दाब, इतकंच सोड, श्वास रोखू नकोस. आपलं जे काही झालं ते तिथे सुरू झालं. माझ्या हाताला काहीच झालेलं नव्हतं, काँग. हे मला आता कळलंय, आणि त्या संध्याकाळी आठवल्या की कुठे बघावं तेच मला कळत नाही.

तू मेलबर्नला गेलास आणि आपला शोधनिबंध छापून आला, ते वर्ष मजेचं होतं. आजानांनी पूर्ण मजल्याला जेवण दिलं. सायबुआमावशींनी घरून डबाभर पलारा, आपले आंबवलेले मासे, आणले, पपई कुटली, आणि बँकॉकची पोरं त्या वासाने नाकाला रुमाल लावून जिन्यात पळाली. निबंधात आपण लिहिलं होतं ते मला तोंडपाठ होतं: ज्याच्या खळग्यात तीसच्या वर ठिपके, त्याला मातीचा ताप आहे असं धरा, तीसच्या खाली, तर नाही. साधी, सरळ रेघ. जिल्ह्याच्या डॉक्टरांना असंच काहीतरी हवं असतं. मग तीन गावांत चाचणी सुरू झाली. तापाच्या माणसाचं रक्त मंगळवारी आपल्याकडे यायचं आणि गुरुवारी आम्ही आकडा कळवायचो. अहवालावर तपासनीस म्हणून सही माझी असायची.

ही चाचणी ऑक्टोबरात थांबली. आजानांनी तुला कळवलं असेल, “काही तांत्रिक कारणाने”. ते कारण मी सांगते. बान दोन याँग गावचे थियांगकाका, वय एकसष्ट, भातशेतकरी, चार दिवसांचा ताप. रक्त आलं, मी प्लेट लावली, बावन्न ठिपके मोजले, दोनदा मोजले, आणि गुरुवारी कळवलं: मातीचा ताप. पियवत नावाचा तरुण डॉक्टर तिथे आहे, मन लावून काम करणारा. त्याने लगेच शिरेतून मातीच्या तापाचं औषध सुरू केलं. ताप उतरेना. त्याने मात्रा वाढवली. आजारपणाच्या नवव्या दिवशी काका गेले. अंत्यविधीआधी अंघोळ घालताना त्यांच्या बायकोला, सीदाकाकूंना, काखेत एक काळी खपली दिसली, विडीचा चटका बसल्यासारखी. ती खपली कशाची ते तुला सांगायला नको. गवतातला किडा चावून येतो तो ताप होता. त्याच्यावर वेगळ्या गोळ्या असतात, प्रत्येक आरोग्य केंद्रात डबा भरून पडलेल्या असतात, आणि वेळेत दिल्या तर माणूस दोन दिवसांत उठून बसतो.

डॉक्टर पियवत स्वतः मोटरसायकलवर आपल्याकडे आला. मला वाटलं, भांडायला आलाय. भांडला असता तर बरं झालं असतं. तो काचेच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, तुमचा आकडा हातात पडला आणि मी त्यांचा सदरा काढून बघितलाच नाही.” एवढंच बोलून तो पाणीसुद्धा न घेता परत गेला. मी टेबलाशी बसले ते दुपारपर्यंत उठलेच नाही. सायबुआमावशींनी चिकट भाताचा गोळा हातात कोंबला तरी तोंडात घालवेना.

मग मी हट्टाला पेटले. बावन्न ठिपके खोटे नव्हते. मी मोजले होते, आणि माझ्या हातावर विश्वास ठेवायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं. आकडा खरा आणि निष्कर्ष खोटा असेल, तर चूक रेघेत आहे. तीस हा आकडा आला कुठून? निरोगी माणसांवरून. निरोगी माणसं आली कुठून? आपल्याच बाह्यांवरून. म्हणून मी जुनी नोंदवही काढली, तुझ्या अक्षरातली. बारा निरोगी माणसं होती. चार, नऊ आणि बारा या तीन ओळी खोडणारी, पट्टीने आखलेली रेघ आणि पुढे “हाताची चूक”. उरलेल्या नऊ जणांत सगळ्यात जास्त ठिपके अकरा. अकराच्या पुष्कळ वर, सुरक्षित अंतरावर, तीसची रेघ. दिसायला चोख काम होतं.

चार म्हणजे सायबुआमावशी, चौसष्ट ठिपके. बारा म्हणजे गाडी चालवणारे खामपनकाका, अठ्ठावन्न. नऊ म्हणजे मी, एकाहत्तर. उरलेले नऊ जण कोण होते ते आठव. तू, आजानांची भाची, चियांग माईची ती दोघं, बँकॉकची पाच. उभ्या आयुष्यात चिखलात पाऊल न घातलेली माणसं. ज्यांची पावलं चिखलात बुडून मोठी झाली, त्या तिघांनाच तुझ्या पट्टीने नेमकं बाहेर काढलं. ज्या भागात हा रोग आहे, जिथे दर पावसाळ्यात त्याने माणसं मरतात, तिथली माणसं निरोगी म्हणून धरायची नाहीत! मग आम्ही कोण? आमच्या गावात सकाळी उठून जनावरं सोडणारी, लावणी करणारी, संध्याकाळी खिदळत कोंबडी भाजणारी सगळीच “हाताची चूक” का?

तरीही तुला माझ्या बाजूने एक संधी दिली मी. मनाशी म्हटलं, त्याला खरंच वाटलं असेल की हात चुकला. घाई होती, चोवीस वर्षांची गोंधळलेली पोर होती, कुणीही तसंच समजलं असतं. मग जुन्या प्लेटांचा खण उपसला. चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या, तारखेने लावलेल्या प्लेटा. कागदाआड, उजेड लागला नाही, तर ठिपके वर्षानुवर्षं टिकतात, हे तूच मला शिकवलंस. तळाशी दोन सापडल्या, दोन्ही रविवारच्या, जेव्हा मी गावी गेलेली असायचे. एकीवर “९, पुन्हा”. दुसरीवर “९, पुन्हा, २”. उरलेल्या रक्तातून तू दोन वेळा, स्वतःच्या त्या न चुकणाऱ्या हाताने, माझी चाचणी परत केली होतीस. मी भिंगाखाली मोजलं. एकोणसत्तर. त्र्याहत्तर. आणि त्यानंतरच्या सोमवारी तू माझ्या मागे उभा राहून मला पिपेट धरायला शिकवायला लागलास.

मी नोंदवही घेऊन आजानांकडे गेले, त्यांच्या टेबलासमोर रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसले नाही, खुर्ची ओढून बसले. तेवढ्यानेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, “निरोगी माणसाचा खळगा स्वच्छ असला पाहिजे, तॅन. नसेल, तर एक तर हात चुकला किंवा माणूस आजारी. तू आजारी आहेस?” मी म्हटलं, नाही. “मग झालं तर.” मी म्हटलं, आजान, मी सतरा वर्षांची होईपर्यंत अनवाणी भात लावलाय. माझ्या पेशी त्या जंतूला ओळखतात कारण तो आमच्या बांधावरचाच आहे. ओळख असणं आणि आजार असणं या दोन गोष्टी आहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नाहीत, काँग. वीस वर्षं त्यांनी या रोगावर घालवली, जेव्हा बाकी कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “आधी पदवी घे. मग तुझी स्वतःची प्रयोगशाळा असेल, तेव्हा हवं ते कर. जिथे शिकलीस तिथल्या अन्नात माती कालवू नकोस.” मी म्हटलं, माती आधीपासूनच आहे, आजान, आपण ती निवडून बाहेर टाकली. माझ्या तोंडून हे कसं गेलं मलाच माहीत नाही. त्यानंतर त्या माझ्याशी फक्त कागदावर बोलतात.

मग मी तेच केलं जे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. निरोगी माणसं शोधायला प्रयोगशाळेबाहेर पडले. डॉक्टर पियवतने कागदपत्रांवर स्वतःचं नाव घातलं, परवानगी मिळायला डिसेंबर उजाडला, तोवर कापणी उरकून माणसं घरी आली होती. आईने मुखियाच्या भोंग्याचा ताबा घेतला. सकाळी सहाला सगळ्या गावाला ऐकू गेलं: “ऐका हो ऐका! माझी तॅन रक्त घ्यायला आलीये. ती डॉक्टर होणार आहे, औषध न देणारी डॉक्टर, तेव्हा कुणी गुडघेदुखी सांगत बसू नका. पाय धुऊन या. नाही धुतले तरी चालेल, तिला चिखलच हवाय!” मंदिराच्या मांडवात रांग लागली. शेजारचे म्हातारे बुआबा बाही वर करताना म्हणाले, “वीस वर्षं शिकलीस आणि शेवटी डास झालीस होय गं?” बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. साठ माणसांनी रक्त दिलं. मातीचा ताप एकालाही कधी झालेला नाही.

साठपैकी चव्वेचाळीस जण तीसच्या वर, काँग. आपल्या रेघेने चव्वेचाळीस धडधाकट माणसं रुग्ण ठरली असती. आणि उरलेल्या सोळांत मला ती गोष्ट दिसली, जिच्यासाठी मी पाचवं प्रकरण मरेपर्यंत सोडणार नाही. त्या सोळांत अकरा जण मधुमेहाचे. आयुष्यभर तेच शेत, तोच चिखल, पण त्यांच्या पेशी जंतूला जवळपास ओळखतच नाहीत. मातीचा ताप मधुमेहाच्या माणसालाच जास्त का उचलतो, हे आपण इतकी वर्षं विचारत होतो. उत्तर कदाचित त्या ठिपक्यांत होतं, निरोगी माणसांच्या, ज्यांना आपण निरोगी मानायलाच तयार नव्हतो. साठ माणसं थोडी आहेत, मला कळतं. सहाशे करीन. पण दार कुठे आहे ते मला सापडलंय, आणि ते माझ्या गावच्या मंदिराच्या मांडवात सापडलंय.

आईलाही मधुमेह आहे, हे तुला माहीत आहे. तिचे ठिपके चार. मला सांगताना रडू आवरेना, तर ती विचारते, “चारच? आणि सोमसीचे किती?” सोमसी म्हणजे आमची शेजारीण, आईची जन्माची स्पर्धक. नियमाप्रमाणे मला आकडा सांगायचा नव्हता, म्हणून मी फक्त म्हटलं, तिचे बरे आहेत. आई फणकारली, “तिचं कायम माझ्याहून जास्तच असतं!” मग मी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. त्यात पाय उकडतात, चिखलात रुतून बसतात, बेडकासारखं चालावं लागतं, अशी शंभर कारणं तिने सांगितली. तरी घालते. गावभर सांगत फिरते की हे बूट विज्ञानाचे आहेत.

तुझ्या मेलमधलं तुझं घर मी चार वेळा वाचलं. गॅलरी, कुंडीत लावलेला गवती चहा, ट्रामच्या थांब्यापासून सहा मिनिटं. तुझ्या सरांच्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी जागा आहे, मी आले तर आपण लग्न करू, असं तू लिहिलंस. पाच वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. तू विमानतळावर काही बोलला नाहीस, तेव्हा परतीच्या बसमध्ये मी सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसले होते. खोटं कशाला सांगू, ते वाक्य मला अजूनही हवंसं वाटलं. माझ्यावर तुझं प्रेम होतं याबद्दल मला शंका नाही. माझं होतं, आहे. रेघा मारणाऱ्या हातांवरच होतं, एवढंच आता कळलं.

आता तुझ्या मेलमधल्या शेवटच्या चार ओळी, ज्यांचं उत्तर द्यायला मला सतरा दिवस लागले. तू लिहिलंस की एप्रिलमध्ये तुझी कायमची नेमणूक ठरणार आहे. नोंदवहीतल्या रेघांपुढे कुणाची सही नाही, तेव्हा त्या मी मारल्या असं मी परीक्षा समितीला सांगावं. आजानांची सही गेलीच आहे, तर माझं आणखी काय जायचंय, असंही तू विचारलंस. आणि पुढे, “तीन रेघांनी कुणाचं असं काय बिघडलं?” तर काँग, माझं उत्तर नाही असं आहे. तुझ्या घराला नाही आणि तुझ्या रेघांना नाही. आज सकाळी मी संशोधनपत्रिकेला आपला निबंध मागे घेण्याचा अर्ज पाठवला. त्यात रेघा कुणी मारल्या तिथे तुझं संपूर्ण नाव लिहिलंय. क्रमांक नऊ म्हणजे मीच, हे लिहिलंय. अहवालांवर मी दोन वर्षं एकही प्रश्न न विचारता सह्या केल्या, हेही लिहिलंय. तो दोष माझ्याजवळच राहील. तुझ्या सहीची जागा मोकळी आहे, ते तुला आठवड्याभरात विचारतील. हे सगळं पाठवण्याआधी मी बान दोन याँगला गेले होते. सीदाकाकू भाजी निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, रेघ, आकडा, माझी सही, सगळं. मला वाटलं त्या मला हाकलतील. त्यांनी माझ्यापुढे पाणी ठेवलं आणि विचारलं, “त्या रेघा मारणाऱ्या मुलाला ठाऊक आहे का, आमचे हे गेले ते?” मी म्हटलं, नाही, त्याला कुणी सांगितलं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग सांग त्याला. तो कुठेही असू दे, त्याला सांग. कळलं नाही तर तो परत तेच करील.” म्हणून सांगते आहे.

तुझी एके काळची, आणि त्याची लाज न वाटणारी,
तॅन